हो म्हणणारा वॉर्ड

४ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं पत्रच लिहिते आहे. फोनवर बाबा शेजारी कान लावून बसतात आणि मग तू माझ्याशी बोलायचं सोडून माझ्यामार्फत त्यांना टोमणे मारतेस. पत्रात निदान माझ्या वाट्याला तू पुरती तरी येतेस.

मला पुरुषांचा मेडिकल वॉर्ड मिळाला आहे. लांबट खोली, दोन्ही भिंतींना खाटा, मध्ये वाट. औषधांच्या ट्रॉलीचं पुढचं एक चाक कुरकुरतं. ते कुरकुरलं की सगळे पेशंट उशा सरळ करून बसतात, शाळेत तपासणीसाहेब आल्यासारखे. खिडकीच्या बाजूच्या खाटांना फार मागणी आहे, कारण तिथून हॉस्पिटलचं मागचं फाटक दिसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर बोलता येतं.

आता खरी बातमी. आम्हा नव्या नर्सेसना इंग्रजी संभाषणाचा कोर्स लावला आहे, खास औषध देताना कसं बोलायचं याचा. शिकवणाऱ्या बाई आम्हाला आरशासमोर उभं करून बोलायला लावतात, म्हणून त्यांचं नाव आम्ही आरसाबाई ठेवलं आहे. प्रत्येकीच्या गळ्यात वाक्यांचं एक कार्ड असतं. गुड मॉर्निंग, आय अ‍ॅम युवर नर्स. मग, आर यू मिस्टर अमुक? मग, डू यू हॅव एनी अ‍ॅलर्जी? मग गोळी द्यायची, डू यू अंडरस्टँड असं विचारायचं, थँक यू म्हणायचं आणि पुढची खाट. सगळं हसतमुखाने. माझं हसू दात दुखत असल्यासारखं दिसतं, असं आरसाबाईंचं मत पडलं.

थट्टा सोड आत्या, पण मला हे फार आवडलं आहे. कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की मी पुढचीच्या पाठीमागे लपायचे. आपल्या घरात मला विचारायला कोण होतं? आता मी मोठ्याने बोलते. आणि इथे इंग्रजी लागतंच. पेशंट पाच ठिकाणचे, पाच भाषांचे, डॉक्टर आणखी कुठले. म्हणून मेट्रनबाईंचा नियम आहे की ट्रॉली बाहेर असली की फक्त इंग्रजी. नर्स एक बोलली आणि पेशंटने दुसरं ऐकलं अशी तक्रार नको. नियम मला पटतो.

एकच गोष्ट खटकते. आमचा अख्खा वॉर्ड हो म्हणतो. काहीही विचारा, येस सिस्टर. काही जण तर माझा प्रश्न अर्ध्यात असतानाच येस म्हणून हात पुढे करतात. मी आरसाबाईंना विचारलं की त्यांना कळलंच नसेल तर काय करायचं. त्या म्हणाल्या की वाक्य बिनचूक असलं की नर्सचं काम झालं. मला ते काही पटलं नाही.

जुलैअखेर परीक्षा आहे, थेट खाटेपाशी. मेट्रनबाई आणि आरसाबाई बघत उभ्या राहणार. पास झाले तर परमनंट, नाहीतर उमेदवारी संपली आणि मी तुझ्या शिवणाच्या दुकानात काजं करायला हजर. बाबांना यातलं पहिलंच सांग.

तुझा लोभ फार आहे, तो असाच न मोजता देत जा.

तुझी,
भिंगरी

१६ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा मी चष्मा लावून वाचलं आणि एकदा दादाला वाचून दाखवलं, त्याच्यावरची वाक्यं गाळून. तुझ्या बापाने परमनंट एवढा एक शब्द उचलला आणि दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झाला. त्यावर कहर म्हणजे समोरच्या भिंतीवर त्याने खिळा ठोकून ठेवला आहे. तुझी परमनंटची ऑर्डर आली की फ्रेम करून तिथे लावायची म्हणे. ठोकताना निम्मा गिलावा पाडला. आता रोज जेवताना आम्ही दोघं रिकाम्या खिळ्याकडे बघत जेवतो.

तू लिहितेस पेशंट हो म्हणतात. अगं, म्हणेनात का! माझ्याकडची गिऱ्हाइकंसुद्धा आरशासमोर उभी राहून बरोबर बसलंय म्हणतात आणि घरी जाऊन काखेत काचतंय म्हणून परत येतात. माणसाची जातच अशी. तू आपली कार्डावरची वाक्यं धडाधड म्हण, गोड हस, आणि आधी पक्की हो. एकदा पक्की झालीस की मग सुधार जगाला. तुला लहानपणापासून सगळ्यात नाक खुपसायची सवय, म्हणून तर भिंगरी नाव पडलं. थोडे दिवस एका जागी फिर.

इकडे ठीक. दादा आता मोठ्या हॉस्पिटलातल्या नव्या डॉक्टरांकडे जातो, रक्तदाबासाठी. तू गेल्यावर त्यानेच मनावर घेतलं. आपल्या कोपऱ्यावरच्या जुन्या डॉक्टरांनाही भेटून येतो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. परवा मोरीत त्याचा पाय सरकला, पण लागलं काही नाही. फरशीच गुळगुळीत आहे.

पांढऱ्या कापडाचे दोन रुमाल पाठवते आहे. हसताना दातांवर धर.

माया जशी होती तशीच आहे, वर थोडी शिवणही सोडली आहे, लागेल तशी उसवून घे.

तुझी,
आत्या

२७ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

आमच्या वॉर्डात दोन पेशंट आहेत. माझ्या सुट्टीच्या दिवशी दोघेही दाखल झाले, म्हणून मी त्यांना ओळखत नव्हते. एक बँडमध्ये कर्णा वाजवतात. साखर आहे, पायाची जखम भरत नाही. दुसरे कुलपं दुरुस्त करतात. त्यांचं पोट दुखतं, आणि हे घडलं त्या दिवशी पोटात दुर्बीण घालून तपासणी होती म्हणून ते रात्रीपासून उपाशी होते. साखर त्यांना अजिबात नाही.

आता ऐक. पेशंटच्या मनगटावर नावाची पट्टी असते. सलाईनने हात सुजला की पट्टी काचते, म्हणून आमच्याकडे ती कापून खाटेच्या कठड्याला बांधायची पद्धत पडली आहे. कोणी पाडली माहीत नाही, सगळ्याच करतात. या दोघांच्याही पट्ट्या कठड्याला होत्या. आणि कुलूपवाल्यांना हवी होती खिडकी. मागच्या फाटकाचं कुलूप चुकीचं बसवलं आहे आणि ते बघत बसल्याशिवाय त्यांना करमत नाही, असं त्यांचं म्हणणं. बँडवाले दिलदार गृहस्थ. त्यांनी आपली खिडकीची खाट देऊन टाकली. सकाळी दोघांनी उशा, चादरी, डबे सगळं हलवलं. पट्ट्या राहिल्या कठड्याला.

मी साखरेचं इंजेक्शन भरून खिडकीच्या खाटेपाशी गेले. पट्टी वाचली. कार्डाप्रमाणे इंग्रजीत विचारलं, की आपण बँडवाले का? (अर्थात त्यांचं पूर्ण नाव घेऊन.) ते म्हणाले, येस सिस्टर. अ‍ॅलर्जी? येस सिस्टर. मग घाईघाईने, नो सिस्टर. समजलं? येस सिस्टर. माझ्या तोंडावर हसू होतं, वाक्यं बिनचूक होती. आरसाबाई असत्या तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

त्यांनी बाही वर केली आणि दोन्ही दंड पुढे धरले, कुठला हवा तो घ्या अशा थाटात. आत्या, रोज हे इंजेक्शन घेणारा माणूस असं करत नाही. त्याला जागा पाठ असते. मी सुई झाकली. त्यांची भाषा मला मोडकीतोडकी येते, तीत मी विचारलं की हे इंजेक्शन कशाचं आहे, तुम्ही मला सांगा. ते आनंदाने म्हणाले, पोटाचं. मग म्हटलं, तुमचं नाव तुम्हीच सांगा पाहू. त्यांनी सांगितलं. ते नाव माझ्या हातातल्या कागदावर नव्हतं.

उपाशी पोटी, साखर नसलेल्या माणसाला ते इंजेक्शन गेलं असतं तर काय झालं असतं, ते तुला लिहून घाबरवत नाही. मी ट्रॉली भिंतीला लावली आणि मेट्रनबाईंना निरोप धाडला. मग त्यांना विचारलं की मघाशी हो कशाला म्हणालात. ते ओशाळून म्हणाले, तुम्ही एवढ्या गोड इंग्रजीत विचारत होता, सगळ्यांसमोर तुम्हाला नाही कसं म्हणायचं? तुम्हाला वाईट वाटलं असतं.

मला वाईट वाटू नये म्हणून माणूस मरायला तयार होता, आत्या!

मेट्रनबाई लगेच आल्या. दोघांना तपासलं, पट्ट्या हातात बांधवल्या, बँडवाल्यांना त्यांचं इंजेक्शन मिळालं. इथपर्यंत त्या अगदी चोख वागल्या. मग मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या की सावध राहिलीस ते चांगलं केलंस, पण ट्रॉली बाहेर असताना दुसरी भाषा बोललीस आणि पूर्ण फेरी उशिरा झाली. भाषेबद्दल माफी लिहून दे, खाटांचा दोष पेशंटच्या नावावर लिहू, प्रकरण मिटलं. मी म्हटलं की झालं ते सगळं लिहून देते, कठड्याच्या पट्ट्यांसकट. माफी लिहिणार नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परीक्षा जवळ आल्याची आठवण करून दिली.

मी घाबरलेली नाही. पण तुझा हात पाठीवर असता तर बरं झालं असतं. तो पत्रातून पाठव.

तुझी,
भिंगरी

५ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मशीन बंद करून बसले होते. तू वाचवलंस त्या माणसाला. देवाने तुला डोळे दिले आहेत आणि ते उघडे ठेवायची अक्कलही. हे झालं कौतुक. आता बोलणी खा.

अगं, माफी म्हणजे काय, एक कागद! मी न बिघडवलेल्या बाह्यांबद्दल कितीदा माफी मागितली आहे. गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आपलं काय झिजतं? तुझ्या शिक्षणासाठी दादाने गॅरेजमध्ये वंगणात हात घालून वर्षं काढली. आई नसलेली पोर म्हणून तुला कधी चढ्या आवाजात बोलला नाही. आता त्याला एकच डोहाळे लागले आहेत, त्या खिळ्याचे. रोज फडक्याने खिळा पुसतो. तू चार ओळी लिहून द्यायच्या नाहीत म्हणून ते सगळं घालवणार? ताठ मान चांगली, पण मानेच्या खाली पोट असतं, हे तुम्हा शिकलेल्यांना कोणी शिकवत नाही का?

आणि त्याच्या जिवाला आता त्रास नको. सकाळी उठला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंतीला धरून उभा राहतो, अंघोळ स्टुलावर बसून करतो. अशक्तपणा आहे म्हणतो, नव्या गोळ्या सुरू केल्यापासून शरीर सवय करून घेतंय म्हणतो. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. मीही कळवणार नव्हते, पण माझं पेनही मशीनसारखंच, एकदा चाललं की पायाखालचं थांबत नाही.

तेव्हा डोकं थंड ठेव आणि लिहून दे.

रागावले आहे, तरी लोभ कमी केलेला नाही. तो काही मेट्रनच्या हातात नाही.

तुझी,
आत्या

१० जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बाबा, मग भांडण.

उभं राहताना अंधारी येते हा अशक्तपणा नव्हे. फोनवर तुला सांगितलं तेच पुन्हा लिहिते, कारण फोनवर बाबाच मध्ये मध्ये बरं आहे, बरं आहे म्हणत होते. घरातली प्रत्येक गोळी, नव्या डॉक्टरांची, जुन्या डॉक्टरांची, उशाखालची, शर्टाच्या खिशातली, सगळी एका पिशवीत घाल आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने काही बंद करू नका. आणि बाबांना औषध घेतलंस का, असं विचारू नकोस. ते हो म्हणतील. त्यांच्या हातावर गोळी ठेव आणि म्हण, ही कशासाठी आहे ते सांग. गप्प बस आणि थांब. ते विषय बदलतील, खिळ्यावर येतील. तू थांबून राहा.

आता भांडण. मी माफी लिहिणार नाही. तू बाह्यांची माफी मागतेस, कारण बाही उसवून पुन्हा लावता येते. त्या सकाळी मी जे केलं त्याबद्दल चुकले असं मी लिहिलं, तर पुढच्या वेळी मलाच थांबायला लाज वाटेल. माझ्या मागून येणारी एखादी मुलगी तर थांबणारच नाही. बाबांनी मला नर्स केलं ते हे करायलाच ना? नुसतं हसून गोळ्या वाटायच्या तर त्याला पदवी कशाला लागते? मला इंग्रजीचा राग नाही, हे आरसाबाईंनाही सांगितलं. मला इंग्रजी हवी आहे, पण अशी, की समोरच्याला तिच्यात उत्तर द्यावं लागेल. नुसती मान हलवून सुटता येणार नाही.

म्हणून मी एक उद्योग सुरू केला आहे. नियम असा आहे की ट्रॉली बाहेर असताना दुसरी भाषा नको. पण दुपारी भेटायची वेळ सुरू व्हायच्या आधी ट्रॉली कुलपात असते. तेव्हा मी पेशंटचा इंग्रजीचा वर्ग घेते! एकच वाक्य. व्हॉट इज धिस फॉर? म्हणजे, हे कशासाठी? गोळी हातात पडली की तोंडात टाकायच्या आधी हे विचारायचं, सिस्टर असो, डॉक्टर असो, कोणी असो. आम्हीच का शिकायचं इंग्रजी? त्यांनीही शिकावं.

बँडवाले टेबलावर बोटांनी ताल धरतात आणि सगळी रांग एका सुरात म्हणते. ते तर कर्ण्यातून काढल्यासारखं म्हणतात, पार व्हरांड्यात ऐकू जातं. कुलूपवाल्यांना प्रश्न पटकन जमला, पण नाही म्हणणं जमेना. मी मुद्दाम चुकीचं नाव घेऊन विचारायचे आणि त्यांच्या तोंडून येसच निघायचं. शेवटी घरी जायच्या दिवशी डोळे गच्च मिटून त्यांनी नो सिस्टर म्हटलं आणि वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. जाताना मागच्या फाटकाचं कुलूप नीट बसवून गेले.

तू रागावलीस तरी चालेल, पण पिशवी आजच भर. लोभाचं नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही.

तुझी,
भिंगरी

२१ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. दादाच्या हातावर एक गोळी ठेवली आणि विचारलं, ही कशासाठी? तो म्हणाला, सकाळची. मी म्हटलं, सकाळ हा काय आजार आहे? मग तो खिळ्यावर आला. मी थांबले. मला गप्प बसायला किती त्रास होतो ते तुला ठाऊक आहे, पण बसले. शेवटी म्हणाला, डॉक्टरांनी दिली म्हणजे कशासाठी तरी असेलच ना.

पिशवी घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलो. खोली थंडगार, डॉक्टर घाईत. ते बोलत होते आणि तुझा बाप मान हलवत होता, हो साहेब, हो साहेब. मी टेबलाखालून असा चिमटा काढला की तो अर्धा उठला. आणि मग, भिंगरे, जन्मात पहिल्यांदा त्याने साहेब नावाच्या माणसाला मध्येच थांबवलं. पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक पाकीट उचलून विचारायला लागला, हे कशासाठी? आणि हे? डॉक्टर आधी वैतागले. मग त्यांनी दोन पाकिटं शेजारी ठेवून नावं ताडून पाहिली. एकच औषध, दोन कंपन्यांचं. एक त्यांनी लिहिलेलं, एक आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं. रोज दुप्पट जात होतं. रक्तदाब पार तळाला गेलेला. थोडक्यात वाचला, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

दोघांचं का घेत होता म्हणून विचारलं, तर म्हणतो, नव्यांना जुन्यांचं सांगितलं तर अपमान वाटेल, जुन्यांचं बंद केलं तर त्यांना वाईट वाटेल. अगदी तुझ्या कुलूपवाल्याचा सख्खा भाऊ! परतताना त्याला धरून जुन्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांना काही वाईटबिईट वाटलं नाही. उलट त्यांनी असा झापला की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला.

आता एक पाकीट बंद आहे. अंधारी येत नाही. अंघोळ उभ्याने, वर गाणं.

मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते विसर. माफी लिहून दिलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. पक्की नाही झालीस तर नाही झालीस. इथे मशीन आहे, मी आहे, आणि आम्हा दोघांची तोंडं अजून चालू आहेत. दादालाही सगळं सांगितलं. त्याने खिळा एकदा पुसला. मग मला म्हणाला, कप्प्यांची एक पिशवी शिवून दे. मी शिवली, सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे. प्रत्येक कप्प्यावर तो स्वतःच्या हाताने लिहितो आहे, कुठली गोळी कशासाठी. ती पिशवी त्याने त्या खिळ्यावर टांगली आहे. तेव्हा खिळ्याची काळजी सोड.

परीक्षेत वाकू नकोस. माझा लोभ दुहेरी शिवणीचा आहे, ओढून बघ.

तुझी,
आत्या

६ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांसाठी आहे. आत्या, एकही वाक्य गाळू नकोस.

परीक्षा झाली. खाट बँडवाल्यांची. एका बाजूला मेट्रनबाई, दुसऱ्या बाजूला आरसाबाई, मध्ये मी आणि कुरकुरणारी ट्रॉली. गुड मॉर्निंग म्हटलं, हसले, ओळख दिली. मग कार्डावरचं वाक्य सोडलं आणि इंग्रजीतच म्हटलं की कृपया तुमचं नाव तुम्ही सांगा. त्यांनी छाती फुगवून सांगितलं. मनगटावरची पट्टी बघितली, नाव जुळलं. त्यांच्या हातावर नवी गोळी ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि कर्णा फुंकल्यासारखं विचारलं, व्हॉट इज धिस फॉर, सिस्टर? मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण ती मान मला ओळखीची झाली आहे. म्हणून ट्रॉली बाहेर असताना, मेट्रनबाईंच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या भाषेत पुन्हा सांगितलं आणि तुम्हाला काय कळलं ते मला सांगा म्हणाले. जखमेत पू होऊ नये म्हणून आहे, असं ते म्हणाले आणि मग गोळी घेतली. मेट्रनबाईंचं पेन कागदावर चाललं. मला ऐकू येत होतं.

पुढच्या खाटेवर माझ्याबरोबरच्या एकीची परीक्षा होती. तिथल्या म्हाताऱ्या पेशंटनेही तोच प्रश्न विचारला. ती गोंधळली. तो गोळी ठेवलेला हात पुढे धरून बसला, आणि तिच्याकडून उत्तर येईना म्हणून त्याने थेट मेट्रनबाईंना विचारलं. बाईंनी तक्ता वाचून इंग्रजीत उत्तर दिलं. त्याने हात तसाच ठेवला. बाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश. हात तसाच. पूर्ण वॉर्ड बघत होता. तेव्हा बाई खाली वाकल्या आणि त्याच्या भाषेत सांगितलं. त्यांना ती भाषा माझ्यापेक्षा छान येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही ट्रॉलीचं चाक बघत राहिले.

निकाल असा. इंग्रजीत आरसाबाईंनी पहिला नंबर दिला, हसण्यातसुद्धा. नियम मोडला म्हणून मेट्रनबाईंनी नापास केलं. परमनंट नाही. पण काढून न टाकता उमेदवारी वाढवली आणि बदली केली, खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात. माफीचा कागद पुन्हा पुढे केला. मी तो कोराच परत दिला आणि सांगितलं की खालच्या वॉर्डातही मी विचारणार. त्या म्हणाल्या की ते त्यांना ठाऊक आहे. मात्र कठड्याला पट्टी बांधायची नाही, असा हुकूम त्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर निघाला. सही त्यांची.

बाबा, तुमच्या खिळ्याला अजून थोडं थांबावं लागेल. पण त्यावर आता जे टांगलं आहे ते मला ऑर्डरपेक्षा जास्त आवडलं.

आज खालच्या वॉर्डातला पहिला दिवस. एकही चेहरा ओळखीचा नाही. मनात म्हटलं, इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्याच खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेल्या एक भाजीवाल्या मावशी होत्या. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. गोळी हातावर ठेवली. मावशींनी मूठ मिटली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ठणकावून विचारलं, व्हॉट इज धिस फॉर?

मी बघतच राहिले. हे कोणी शिकवलं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, शिकवायचं काय त्यात? या हॉस्पिटलात असं विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, इथला नियमच आहे तसा. तुम्ही नवीन दिसता.

मी नवीनच आहे, असं कबूल केलं. आणि ट्रॉली थांबवून त्यांना उत्तर दिलं.

तुम्हा दोघांचा लोभ आहे, तो कशासाठी आहे हे मात्र मी कधी विचारणार नाही.

तुमची,
भिंगरी